शेवटच्या सहा पॅलेटची जागा दोन गाड्यांना मिळाली: रेस कंडिशन टाळावी कशी आणि पकडावी कशी?

द्राक्षनोंद (नाशिक)

नमस्कार. आमचा चार जणांचा चमू नाशिकमधून काम करतो आणि दिंडोरी व पिंपळगाव बसवंत परिसरातल्या शीतगृहांसाठी जागा राखून ठेवण्याची प्रणाली चालवतो. जानेवारी ते एप्रिल या हंगामात काढलेली द्राक्षे काही तासांतच प्री-कूलिंगला लागावी लागतात, त्यामुळे पॅकहाऊसमधून गाडी निघण्यापूर्वीच तिला कोणत्या कक्षात किती पॅलेटची जागा मिळणार हे ठरलेले असते. ही नोंद शीतगृहाच्या दोन फाटकांवरच्या संगणकांवरून आणि पॅकहाऊसमधल्या मोबाइलवरून, म्हणजे एकाच वेळी अनेक ठिकाणांहून होते.

फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी एका कक्षात सहा पॅलेटची जागा शिल्लक होती आणि ती दोन गाड्यांना दिली गेली. दोन्ही शेतकऱ्यांकडे आमच्याच प्रणालीचा होकाराचा संदेश होता. दुसरी गाडी रात्री उशिरापर्यंत फाटकाबाहेर उभी राहिली. त्या मालाचे जे नुकसान झाले त्याची जबाबदारी आमची आहे असे मी मानतो, आणि म्हणूनच हा दोष वरवर न बुजवता मुळापासून समजून घ्यायचा आहे.

प्रणाली जावा आणि स्प्रिंग बूटमध्ये आहे, डेटाबेस पोस्टग्रेस आहे आणि मधे हायबरनेट (जावाच्या ऑब्जेक्ट आणि डेटाबेसच्या ओळी यांची सांगड घालणारी लायब्ररी) आहे. 'कक्ष' या तक्त्यात प्रत्येक कक्षाची एक ओळ असून तिच्यात एकूण क्षमता, शिल्लक जागा आणि शेवटचे तापमान असे रकाने आहेत. आरक्षणाची मेथड ती ओळ वाचते, शिल्लक जागा पुरेशी आहे का ते पाहते, जावामध्ये वजाबाकी करते, आरक्षणाची नोंद घालते आणि कक्षाची ओळ परत जतन करते. मेथडवर ट्रान्झॅक्शनल (तिचे सर्व बदल एकत्र पक्के व्हावेत किंवा एकही होऊ नये, असे सांगणारे) हे ॲनोटेशन पहिल्यापासून होते. त्या घटनेनंतर आम्ही तिला सिंक्रोनाइज्डही केले, म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला (प्रोग्रॅममधल्या कामाच्या एका धाग्याला) आत येऊ देणारे लॉक लावले. तक्रारी कमी झाल्या, पण थांबल्या नाहीत. मार्चमध्ये भार वाढला म्हणून लोड बॅलन्सरमागे (विनंत्या सर्व्हरमध्ये वाटून देणाऱ्या यंत्रणेमागे) दुसरा सर्व्हर लावला, आणि त्या पुन्हा वाढल्या. माझ्या संगणकावर हा दोष मला एकदाही घडवून दाखवता आलेला नाही, आणि टेस्ट सर्व्हरवर लॉग वाढवले की तो तिथेही दिसेनासा होतो.

हे नक्की कुठे चुकते आहे? पुढच्या हंगामाआधी असे दोष प्रॉडक्शनच्या (प्रत्यक्ष वापरातल्या सर्व्हरच्या) बाहेरच पकडण्याची खात्रीची रीत कोणती? आणि सगळे ट्रान्झॅक्शन सीरियलायझेबल, म्हणजे एकामागून एक चालल्यासारखे, केले तर प्रश्न संपेल का?

सातपूरकर

आपला दोष वाचणे आणि लिहिणे यांच्यामधल्या फटीत आहे. पहिल्या फाटकाची विनंती शिल्लक ६ वाचते. ती अजून काही लिहिणार एवढ्यात दुसऱ्या फाटकाची विनंतीही तीच ओळ वाचते आणि तिलाही ६ च दिसतात. दोघींच्याही दृष्टीने जागा पुरेशी आहे, दोघीही ६ मधून ६ वजा करतात आणि दोघीही शून्य लिहितात. शेवटी तक्त्यात शून्य असते, म्हणजे आकडा अगदी निर्दोष दिसतो, आणि आरक्षणे मात्र बारा पॅलेटची झालेली असतात. पोस्टग्रेसची मूळ आयसोलेशन पातळी (ट्रान्झॅक्शन एकमेकांपासून किती वेगळे ठेवायचे ते) रीड कमिटेड आहे, म्हणजे प्रत्येक क्वेरीला तोवर पक्के झालेले बदल दिसतात, आणि त्या पातळीवर हे पूर्णपणे नियमाला धरून आहे. डेटाबेसने काहीही चूक केलेली नाही. ट्रान्झॅक्शनल लिहिले म्हणजे दोन विनंत्या एकमेकींपासून आपोआप वेगळ्या झाल्या, हा समज आपल्याकडे फार खोलवर रुजलेला आहे.

आता सिंक्रोनाइज्डने थोडाच फरक का पडला ते पाहा. दुसऱ्या सर्व्हरचे कारण उघड आहे: ते लॉक एका जावा प्रोसेसच्या आतले आहे आणि शेजारच्या सर्व्हरला त्याचा पत्ताही नसतो. पण एकच सर्व्हर असतानाही ते गळके होते, आणि हे कारण पटकन लक्षात येत नाही. स्प्रिंग आपल्या मेथडभोवती एक प्रॉक्सी (मध्यस्थ आवरण) उभी करते. ट्रान्झॅक्शन ती प्रॉक्सी सुरू करते आणि मेथड संपून परत आल्यावर कमिटही, म्हणजे बदल पक्के करण्याचे काम, तीच करते. सिंक्रोनाइज्डचे लॉक मात्र मेथड संपताक्षणीच सुटते. म्हणजे लॉक सुटले आहे आणि कमिट अजून झालेले नाही असा एक छोटा काळ प्रत्येक विनंतीत उरतोच, आणि नेमक्या त्या काळात आत शिरलेल्या दुसऱ्या थ्रेडला जुनाच आकडा दिसतो. लॉक ट्रान्झॅक्शनच्या बाहेर हवे होते, ते आत होते.

तरीही ते बाहेर हलवा असा सल्ला मी देणार नाही. जागेचा खरा हिशोब डेटाबेसमध्ये आहे, तेव्हा पहाराही तिथेच बसला पाहिजे. आपल्या प्रश्नाला सर्वांत सरळ उत्तर म्हणजे पाहणे आणि वजा करणे ही दोन कामे एकाच अपडेटमध्ये करणे: त्या कक्षाच्या ओळीतून सहा वजा कर, पण शिल्लक सहा किंवा अधिक असेल तरच. मग किती ओळी बदलल्या तो आकडा तपासायचा. एक आला तर जागा मिळाली, शून्य आला तर नाही. दोन विनंत्या एकदम आल्या तर दुसरीचे अपडेट पहिलीचे कमिट होईपर्यंत त्या ओळीवर थांबते आणि त्यानंतर पोस्टग्रेस अट नव्या आकड्यावर पुन्हा तपासून पाहते, म्हणून दुसरीला शून्यच ओळी मिळतात. आरक्षणाची नोंद त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये, या अपडेटच्या नंतर घाला. शिवाय शिल्लक शून्याखाली जाणार नाही असे चेक कन्स्ट्रेंट तक्त्यावर लावून ठेवा, म्हणजे उद्या कोणी नवी मेथड लिहिताना अट विसरला तरी डेटाबेस नकार देईल.

निर्णय एका ओळीत मावत नसेल, उदाहरणार्थ दहा पॅलेट दोन कक्षांत विभागून द्यायची असतील, तर मात्र त्या ओळी सिलेक्ट फॉर अपडेटने आधी धरून मगच विचार करावा लागतो. तेव्हा सर्व कोडने ओळी एकाच क्रमाने धरल्या पाहिजेत, समजा कक्षाच्या क्रमांकाच्या चढत्या क्रमाने. एकाने चार मग सात आणि दुसऱ्याने सात मग चार असे धरले की डेडलॉक होतो, म्हणजे दोघेही एकमेकांसाठी अडून राहतात. पोस्टग्रेस तो सहसा एका सेकंदाने तपासून एका ट्रान्झॅक्शनला बाहेर काढते, त्यामुळे प्रणाली अडकून पडत नाही, पण फाटकावरच्या माणसाला मात्र विनाकारण चूक दिसते.

एक गोष्ट मला आपल्याकडून हवी आहे. कक्षाच्या त्या ओळीवर आरक्षणाखेरीज आणखी कोणकोण लिहिते, याची पूर्ण यादी करा. आपण तापमानाचा रकाना तिथेच असल्याचे म्हटले आहे, म्हणून विचारतो.

अंबड_बॅकएंड

सातपूरकरांच्या उपायाशी मी सहमत आहे. मी पकडण्याच्या बाजूबद्दल लिहितो, कारण माझ्या अनुभवात तिथेच अधिक वेळ वाया जातो.

सर्वप्रथम दोन शब्द वेगळे ठेवू. दोन थ्रेड मेमरीतल्या एकाच जागेला कोणत्याही समन्वयाविना हात लावतात आणि त्यांपैकी किमान एक तिथे लिहितो, तेव्हा ती डेटा रेस. घटनांच्या क्रमावर उत्तराचा खरेपणा अवलंबून राहतो, तेव्हा ती रेस कंडिशन. आपल्याकडे दुसरी आहे, पहिली नाही. हा भेद महत्त्वाचा आहे, कारण पहिलीसाठी चांगली यंत्रे उपलब्ध आहेत आणि ती आपल्या प्रश्नावर अवाक्षर काढणार नाहीत. सी आणि सी++ साठी थ्रेडसॅनिटायझर आहे. त्याच पायावर बांधलेला शोधक गो भाषेत २०१३ च्या १.१ या आवृत्तीपासून आहे आणि टेस्ट चालवताना रेस हा पर्याय दिला की तो सुरू होतो. गोच्या दस्तऐवजानुसार त्याने मेमरी ५ ते १० पट आणि वेळ २ ते २० पट वाढू शकतो, म्हणून तो सहसा टेस्टमध्येच चालवतात. तो फक्त प्रत्यक्ष चाललेल्या कोडबद्दलच बोलतो, आणि डेटाबेसच्या ओळीवरून दोन सर्व्हरमध्ये चाललेली शर्यत त्याच्या नजरेत येतच नाही. रस्टचा कंपायलरसुद्धा सुरक्षित कोडमध्ये डेटा रेस होऊ देत नाही, पण आपली सहा पॅलेट त्यानेही दोनदा दिली असती.

आपल्याला दोष घडवता येत नाही यात आपली काही चूक नाही. ते गणितच तसे आहे. दोन थ्रेडच्या प्रत्येकी तीन पायऱ्या असतील तर त्या एकमेकींत २० प्रकारे मिसळतात, आणि प्रत्येकी दहा असतील तर १,८४,७५६ प्रकारे. त्यांतले बहुतेक क्रम निरुपद्रवी असतात. हजार वेळा टेस्ट चालवून तोच तोच निरुपद्रवी क्रम हजार वेळा पाहिला, तर त्यातून काही सिद्ध होत नाही. लॉग वाढवल्यावर दोष लपतो त्याचेही कारण हेच: लॉग लिहिताना आतून लॉक घेतले जाते, थ्रेड तिथे रांगेत उभे राहतात, आणि ज्या क्रमात दोष होता तो क्रमच घडायचे थांबते. स्लीप टाकून दोष गेला असे कोणी सांगितले तर त्यावर कधीही विश्वास ठेवू नका. फट तशीच राहते, फक्त तिच्यात शिरण्याची वेळ बदलते.

म्हणून नशिबावर न सोडता हवा तो क्रम सक्तीने घडवायचा. टेस्टमध्ये दोन थ्रेड घ्या, आणि वाचणे व लिहिणे यांच्यामध्ये एक अडसर ठेवा. जावामध्ये काउंटडाउनलॅच किंवा सायक्लिकबॅरियर हेच काम करतात. दोघांचेही वाचून झाल्याशिवाय कोणालाही पुढे जाऊ द्यायचे नाही. सिंक्रोनाइज्ड काढलेल्या जुन्या कोडवर ही टेस्ट दहापैकी दहा वेळा नापास झाली पाहिजे. ती तशी होत नसेल तर ती चुकीची फट तपासते आहे. दुरुस्तीनंतर मात्र ती फटच नाहीशी होते, म्हणून तेव्हा दोन्ही थ्रेड एकाच अडसरावरून एकदम सोडावेत आणि बरोबर एकालाच जागा मिळाली का, एवढेच पाहावे.

दोन खड्डे मी स्वतः अनुभवले आहेत. टेस्टच्या मेथडवरही ट्रान्झॅक्शनल लावले असेल तर तिने तयार केलेली कक्षाची ओळ कमिट झालेली नसते, त्यामुळे दुसऱ्या थ्रेडना ती दिसतच नाही आणि टेस्ट भलत्याच कारणाने पास किंवा नापास होते. दुसरा खड्डा असा की टेस्टसाठी मेमरीतला एचटू डेटाबेस वापरला तर त्याची लॉकची वागणूक पोस्टग्रेससारखी असेलच असे नाही. टेस्टकंटेनर्स (टेस्टपुरता खरा डेटाबेस उभा करणारी लायब्ररी) वापरून प्रॉडक्शनच्याच आवृत्तीचे पोस्टग्रेस उभे करा.

आणि "इतकी वर्षे चालते आहे, म्हणजे बरोबर असणार" हा युक्तिवाद आपल्या चमूत कोणी केला तर त्यांना १४ ऑगस्ट २००३ चा अमेरिका आणि कॅनडामधला वीजखंड आठवून द्या. सुमारे पाच कोटी लोक अंधारात गेले. त्या दिवशी ओहायोतल्या वीज कंपनीच्या नियंत्रण कक्षातली धोक्याची सूचना देणारी यंत्रणा गप्प राहिली होती, आणि पुढे कित्येक आठवडे कोड तपासल्यावर तिच्यात रेस कंडिशन सापडली. वीजखंडाची कारणे इतरही होती, पण तारा झाडांना लागून एकामागून एक बंद पडत असताना तिथल्या माणसांना ते कळले नाही, ते या दोषामुळे. तेच सॉफ्टवेअर त्याआधी दीर्घकाळ बिनतक्रार चालले होते.

त्र्यंबक_रस्ता

सीरियलायझेबलबद्दल. पोस्टग्रेसमध्ये २०११ च्या ९.१ आवृत्तीपासून ही पातळी खऱ्या अर्थाने काम करते आणि आपला दोष तिने अडवला असता, पण अडवण्याची तिची रीत म्हणजे दोघांपैकी एका ट्रान्झॅक्शनला ४०००१ या कोडची चूक देऊन नाकारणे. ते ट्रान्झॅक्शन पहिल्या वाचनापासून पुन्हा चालवण्याची जबाबदारी आपल्या कोडची असते. म्हणजे मेथडच्या आत शेतकऱ्याला संदेश पाठवण्याचे काम असेल तर पुन्हा चालवताना तो संदेश दुसऱ्यांदा जाईल, आणि शेवटी जागा मिळालीच नाही तर खोटा होकार गेलेला असेल. संदेश नेहमी कमिटनंतर पाठवावा. आधी तो त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये एका वेगळ्या तक्त्यात लिहून ठेवावा आणि नंतर दुसऱ्या प्रक्रियेने तिथून उचलावा. तेवढे शिस्तीने जमत असेल तर मी सीरियलायझेबलच्या बाजूने आहे, कारण प्रत्येक फट माणसाने शोधून काढावी ही अपेक्षा मला अवाजवी वाटते. मायएसक्यूएलवरून आलेल्यांनी मात्र सावध राहावे: रिपीटेबल रीड हे पातळीचे नाव एकच असूनही, दुसऱ्याने बदललेल्या ओळीवर लिहायला गेल्यास पोस्टग्रेस चूक देते, तर इनोडीबी (मायएसक्यूएलचे स्टोरेज इंजिन) बिनबोभाट लिहू देते.

आम्ही २०२७ च्या सिंहस्थासाठी भक्तनिवासाच्या खोल्यांचे आरक्षण बांधत आहोत. तिथे शिल्लक आकडा नसतो, तारखांचे पट्टे असतात, आणि दोन पट्टे एकमेकांवर चढता कामा नयेत. असा नियम साध्या युनिक कन्स्ट्रेंटमध्ये बसत नाही. पोस्टग्रेसमध्ये त्यासाठी एक्स्क्लूड कन्स्ट्रेंट आहे: खोली तीच आणि तारखांचा पट्टा छेदणारा, अशी दुसरी ओळ ते घालूच देत नाही. खोलीचा क्रमांक त्यात घ्यायचा असेल तर बीट्री जिस्ट हे एक्स्टेंशन लागते. आपल्याकडेही उद्या दिवसागणिक आरक्षण आले तर हे उपयोगी पडेल.

द्राक्षनोंद (नाशिक)

सर्वांचे मनापासून आभार. आपण सांगितलेल्या क्रमाने काम केले आणि त्यातून जे निघाले ते येथे नोंदवतो.

अडसराची टेस्ट जुन्या कोडवर पहिल्याच फेरीत नापास झाली. जो दोष मी दोन महिने शोधत होतो तो डोळ्यांसमोर उभा राहिलेला पाहून खरोखर हायसे वाटले. अटीसह अपडेट आणि चेक कन्स्ट्रेंट घातल्यावर टेस्ट पास झाली, आणि आम्ही ते प्रॉडक्शनवर नेले. तरीही चौथ्या दिवशी एका कक्षात सहा पॅलेटची तफावत निघाली.

त्या वेळी सातपूरकरांनी मागितलेली यादी केली. तापमानाची नोंद घेणारे एक काम दर मिनिटाला चालते. ते कक्षाची ओळ हायबरनेटमधून वाचते, मग सेन्सरकडून तापमान मागवते, ज्याला नेटवर्कमुळे दोन-तीन सेकंद लागतात, आणि नंतर ओळ जतन करते. आम्ही समजत होतो की ते फक्त तापमान लिहिते. प्रत्यक्षात डेटाबेसकडे जाणारे अपडेट छापून पाहिले तेव्हा त्यात सर्व रकाने होते, शिल्लक जागेसह. म्हणजे शिल्लक १२ असताना या कामाने ओळ वाचली, त्याच दोन सेकंदांत सहा पॅलेटचे आरक्षण होऊन शिल्लक ६ झाली, आणि या कामाने पुन्हा १२ लिहून टाकले. चेक कन्स्ट्रेंटला त्यात काहीच वावगे दिसण्याचे कारण नव्हते. माझा असा अंदाज आहे की फेब्रुवारीतल्या त्या संध्याकाळीही कदाचित हेच घडले असावे.

सातपूरकर

हीच शंका होती. एखाद्या ओळीतला एकच रकाना बदलला तरी हायबरनेट मूळ सेटिंगनुसार सगळे रकाने लिहिते. आपली आरक्षणाची फट काही मिलिसेकंदांची होती. ही दोन-तीन सेकंदांची आहे, म्हणजे शेकडो पटींनी रुंद.

तापमान वेगळ्या तक्त्यात हलवा. डायनॅमिक अपडेट हे ॲनोटेशन लावून बदललेलेच रकाने लिहिण्याची सोय आहे, पण वेगवेगळ्या कारणांनी बदलणाऱ्या गोष्टी एका ओळीत ठेवल्या की हा धोका नव्या वाटेने परत येतो. व्हर्जनचा रकाना ठेवून आशावादी लॉकिंग (वाचल्यानंतर व्हर्जन बदलले असेल तर लेखन नाकारणे) करणार असाल तर एवढे लक्षात असू द्या की आपण हाताने लिहिलेले अटीसह अपडेट तो रकाना स्वतःहून वाढवत नाही. तो त्याच अपडेटमध्ये आपणच वाढवावा लागतो, नाहीतर तापमानाच्या कामाला बदल झाल्याचे कळणारच नाही. आणि सेन्सरशी बोलताना ट्रान्झॅक्शन उघडे ठेवू नका.

याशिवाय एक ताळा कायमचा बसवा: कक्षाची क्षमता वजा चालू आरक्षणांची बेरीज ही शिल्लक जागेइतकीच असली पाहिजे. आत कोणत्याही वाटेने चूक शिरली तरी ती या समीकरणात दिसते, आणि गाडी फाटकावर येण्याआधी दिसते.

द्राक्षनोंद (नाशिक)

तापमान वेगळ्या तक्त्यात गेले आहे आणि खोटा सेन्सर लावून, त्यातच अडसर ठेवून त्याचीही टेस्ट लिहिली आहे. ताळा दर पाच मिनिटांनी चालतो. मात्र काल त्याने दोनदा तफावत दाखवली आणि दोन्ही वेळा पुढच्या फेरीत ती नाहीशी झाली. याचा अर्थ अजून काही उरले आहे का?

अंबड_बॅकएंड

ताळ्यासाठी आपण शिल्लक एका क्वेरीने आणि आरक्षणांची बेरीज दुसऱ्या क्वेरीने आणत असाल. रीड कमिटेडमध्ये प्रत्येक क्वेरी स्वतःच्या क्षणाचे चित्र पाहते, त्यामुळे दोन क्वेरींच्या मधे झालेले आरक्षण एकीत येते आणि दुसरीत येत नाही. दोन्ही आकडे एकाच क्वेरीत जोडून आणा, किंवा ताळ्याचे ट्रान्झॅक्शन रिपीटेबल रीड पातळीवर चालवा, जिथे त्यातल्या सर्व क्वेरी एकाच क्षणाचे चित्र पाहतात. त्यानंतरही तफावत दिसली तर तो लिहिणारा शोधावा लागेल.

द्राक्षनोंद (नाशिक)

दोन वेगळ्या क्वेरीच होत्या. एक केल्यापासून ताळा शून्य दाखवतो आहे.